अमेरिकेतल्या पोलीस संघटना काँग्रेसमध्ये लॉबिंग कसं करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस शहराचे किंवा काउंटीचे नोकर. मग त्यांच्या संघटनेचं वॉशिंग्टनमध्ये काय काम?

पगार, बढती, शिफ्ट, खात्यांतर्गत चौकशी हे सगळं शहर, काउंटी नाहीतर राज्य ठरवतं, हे खरं. पण ओव्हरटाइम कधी सुरू होतो ते १९३८च्या केंद्रीय श्रमकायद्यावरून ठरतं. २८ दिवसांचं चक्र धरलं, तर पोलिसाला १७१ तासांनंतर दीडपट दर मिळतो. १९८५मध्ये सुप्रीम कोर्टाने गार्सिया खटल्यात दिलेल्या निकालाने हा कायदा राज्यांना आणि शहरांना लागू झाला. खर्च वाढणार म्हणून शहरं लगेच काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे गेली, आणि त्याच वर्षी दुरुस्ती होऊन रोख पैशांऐवजी बदली रजा द्यायची मुभा मिळाली, पोलिसांसाठी ४८० तासांपर्यंत. ड्युटीवर मृत्यू आला तर कुटुंबाला मिळणारी रक्कम, पेन्शनवरचा कर, बुलेटप्रूफ जॅकेटचं अनुदान, नव्या भरतीसाठीचा निधी हेही केंद्राच्याच हातात. पोलिसावर नागरी हक्कभंगाचा दावा लागतो तोही १८७१च्या केंद्रीय कायद्याखाली.

शिवाय खुद्द संघटनेचा हक्क. १९३५च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्यातून राज्य आणि स्थानिक सरकारांचे कर्मचारी वगळलेले आहेत. त्यामुळे सामूहिक वाटाघाटी करता येतात की नाही, हे राज्यागणिक बदलतं. विस्कॉन्सिनने १९५९मध्ये पालिका कर्मचाऱ्यांना हा हक्क दिला, तर नॉर्थ कॅरोलायनात असे करारच बेकायदा. देशभर किमान हक्क मिळावा यासाठीचं विधेयक जुलै २००७मध्ये प्रतिनिधिगृहात ३१४ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं, आणि तो कायदा अजून झालेला नाही.

यात मुख्य संघटना कोणत्या? सगळ्या एकाच बाजूला असतात का?

सगळ्यात मोठी फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस, म्हणजे एफओपी. १९१५मध्ये पिट्सबर्गला सुरू झाली, आज साडेतीन लाखांहून जास्त सदस्य. दुसरी नॅपो, स्थापना १९७८. ही स्थानिक संघटनांचा महासंघ आहे. आययूपीए ही तिसरी संघटना एएफएल-सीआयओ या मोठ्या कामगार महासंघाशी जोडलेली आहे.

नवख्यांचा गोंधळ होतो तो आयएसीपी या नावाशी. ती पोलीसप्रमुखांची संघटना आहे, म्हणजे व्यवस्थापनाची बाजू. निधी वाढवा म्हणताना प्रमुख आणि शिपाई एका रांगेत उभे असतात. वाटाघाटीचा हक्क किंवा ऑफ-ड्युटी शस्त्र हे विषय निघाले की समोरासमोर येतात. खासदाराच्या कार्यालयात ‘पोलिसांचा पाठिंबा आहे’ एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या पोलिसांचा, असा प्रश्न हमखास येतो.

रोजचं काम नेमकं काय असतं?

बहुतेक वेळ वाचनात जातो. दर दोन वर्षांच्या काँग्रेसमध्ये हजारो विधेयकं येतात. त्यातली पोलिसांशी संबंधित निवडायची, कोणत्या समितीकडे गेली ते पाहायचं, मसुद्यातला एखादा शब्द सदस्यांच्या मुळावर येतोय का ते तपासायचं. मग समर्थनाचं किंवा विरोधाचं पत्र. पत्र प्रायोजकाला, म्हणजे विधेयक मांडणाऱ्या खासदाराला जातं, प्रत समितीच्या अध्यक्षाला आणि अल्पमतातल्या ज्येष्ठ सदस्याला. समितीत मसुद्यावर मतदान होण्याआधी पोचलं नाही, तर त्याचा उपयोग जवळपास शून्य.

दुसरं काम जोड्या लावण्याचं. एकाच मजकुराचं विधेयक दोन्ही सभागृहांत हवं, आणि शक्यतो दोन्ही पक्षांचा एकेक प्रायोजक हवा. एका पक्षाचंच नाव असलेलं विधेयक सत्ता पालटली की दोन वर्षं फाइलमध्ये पडून राहतं. ३ जानेवारीला, विषम वर्षी, नवी काँग्रेस बसते आणि आधीची सगळी अपुरी विधेयकं रद्द होतात. क्रमांक नवा, सह-प्रायोजक पुन्हा पहिल्यापासून गोळा करायचे.

खासदाराच्या भेटीत काय होतं?

भेट बहुतेकदा खासदाराशी नसते, त्याच्या विधिविषयक सहायकाशी असते. वय पंचविशीच्या आसपास, हातात अनेक विषय, वेळ पंधरा-वीस मिनिटं. कधीकधी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच. याला कमी समजणं ही मोठी चूक, कारण खासदारापुढे जाणारी टिपणी हाच माणूस लिहितो.

सोबत एकच पान न्यावं. वर विधेयकाचा क्रमांक, खाली दोन-तीन वाक्यांत अडचण, मग त्या मतदारसंघातल्या किती पोलिसांना फरक पडतो तो आकडा, आणि शेवटी मागणी. मागणी हो किंवा नाही असं उत्तर देता येईल अशी असावी: ‘सह-प्रायोजक व्हाल का?’ ‘पोलिसांच्या पाठीशी उभे राहा’ ही मागणी नव्हे, तिला प्रत्येक जण हो म्हणतो. जाण्याआधी खासदार आधीच सह-प्रायोजक आहे का ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावं. आधीच सही केलेल्याकडे पुन्हा सही मागितली की पुढची पंधरा मिनिटं वाया जातात.

पाच मागण्या घेऊन जाणाऱ्यांना एकही मिळत नाही. दोन पुष्कळ झाल्या. आणि माहीत नसलेल्या आकड्याबद्दल अंदाज ठोकू नये. ‘उद्यापर्यंत कळवतो’ म्हणून खरोखर कळवलं, तर तो सहायक पुढच्या वेळी स्वतः फोन करतो.

निधी मागायला योग्य वेळ कोणती? मे महिन्यातल्या पोलीस सप्ताहात सगळे वॉशिंग्टनला येतातच.

तोवर बहुधा उशीर झालेला असतो. १५ मे हा पोलीस स्मृतिदिन, त्या आठवड्यात हजारो पोलीस शहरात असतात आणि दारं सहज उघडतात. पण आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि कोणत्या योजनेला किती रक्कम हवी याचे अर्ज खासदारांची कार्यालयं साधारण वसंत ऋतूच्या सुरुवातीलाच घेतात. हा अर्ज ऑनलाइन असतो. त्यात उपसमिती, खातं, योजनेचं अचूक नाव, मागच्या वर्षीची तरतूद आणि मागितलेली रक्कम भरावी लागते. पोलिसांच्या बहुतेक योजना वाणिज्य-न्याय-विज्ञान उपसमितीकडे येतात. दुसऱ्या उपसमितीचं नाव टाकलं की अर्ज तिथेच संपतो.

इथे एक फरक नीट कळायला हवा. कायद्याने योजनेला मान्यता मिळणं वेगळं आणि तिच्यात पैसे पडणं वेगळं. १९९४च्या गुन्हेगारी कायद्याने एक लाख पोलिसांच्या भरतीसाठी सहा वर्षांत ८.८ अब्ज डॉलरपर्यंत मान्यता दिली आणि त्यातूनच भरतीसाठी अनुदान देणारं कॉप्स कार्यालय उभं राहिलं. पण मान्यता म्हणजे फक्त कमाल मर्यादा, प्रत्यक्ष रक्कम दरवर्षी नव्याने मागावी लागते. बुलेटप्रूफ जॅकेट योजनेचंही तसंच. १९९८च्या कायद्याने केंद्र जॅकेटच्या किमतीचा अर्ध्यापर्यंत भार उचलतं, पण त्या वर्षी किती जॅकेटं येणार हे तरतुदीवर अवलंबून. विधेयक मंजूर झालं म्हणून पेढे वाटणाऱ्या आणि पुढच्या मार्चमध्ये अर्जच न भरणाऱ्या स्थानिक शाखा काही कमी नाहीत.

तीनशेच्या वर सह-प्रायोजक असूनही विधेयक अडतं, हे कसं?

याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण म्हणजे सोशल सिक्युरिटी फेअरनेस अ‍ॅक्ट.

अमेरिकेतल्या राज्य आणि स्थानिक कर्मचाऱ्यांपैकी साधारण चतुर्थांश लोक सोशल सिक्युरिटीत, म्हणजे केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेत वर्गणी भरत नाहीत. त्यांचं पेन्शन स्वतंत्र असतं आणि त्यांत पोलीस पुष्कळ. असा पोलीस आधी किंवा निवृत्तीनंतर खाजगी नोकरी करून सोशल सिक्युरिटीलाही पात्र झाला, तर १९८३च्या एका तरतुदीने त्याची रक्कम कापली जायची. नेहमीच्या सूत्रात सरासरी मासिक कमाईच्या पहिल्या टप्प्याचे ९० टक्के धरतात. त्याच्यासाठी ते ४० टक्क्यांपर्यंत खाली यायचे. २०२४च्या आकड्यांत ही कपात महिन्याला जास्तीत जास्त ५८७ डॉलर होती.

१९७७ची दुसरी तरतूद त्याहून जाचक. समजा निवृत्त पोलिसाचं स्वतःचं पेन्शन ३,००० डॉलर आहे आणि खाजगी नोकरीत असलेला जोडीदार वारला. जोडीदाराच्या नावावर मिळू शकणारी रक्कम १,८०० डॉलर. पेन्शनचे दोन-तृतीयांश, म्हणजे २,०००, त्यातून वजा. हातात शून्य.

दोन्ही तरतुदी रद्द करणारी विधेयकं वर्षानुवर्षं येत होती. सह-प्रायोजक होणं फुकटचं असतं. शिक्षक, अग्निशमन दल आणि पोलीस तिघेही मागे लागलेले, त्यामुळे नावं भराभर मिळाली. पण करविषयक वेज अँड मीन्स समितीला ते नको होतं, कारण काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता दहा वर्षांत सुमारे १९६ अब्ज डॉलरचा खर्च. २९० सह-प्रायोजक झाले आणि २५ कामकाजाचे दिवस गेले, की विधेयक समितीला वळसा घालून सभागृहापुढे जाऊ शकेल अशी एक वाट २०१९च्या नियमांत आहे. २०२२मध्ये संघटनांनी ती धरली. तेव्हा समितीने सप्टेंबरमध्ये विधेयक स्वतःच बाहेर पाठवलं, पण कोणतीही शिफारस न करता. समितीने बाहेर काढलेल्या विधेयकाला तो नियम लागू होत नाही. वाट बंद, आणि जानेवारीत सगळं रद्द. नियमावली वाचलेल्या माणसाने नियमावलीनेच मारलेला डाव होता तो.

पुढच्या काँग्रेसमध्ये लुइझियानाचे रिपब्लिकन गॅरेट ग्रेव्हज आणि व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅट अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी डिस्चार्ज पिटिशन काढलं, म्हणजे समितीत अडकलेलं विधेयक थेट सभागृहापुढे आणण्याचा सह्यांचा अर्ज. त्याला २१८ सह्या लागतात, आणि इथेच खरी परीक्षा. सह-प्रायोजक होताना पक्षनेतृत्व दुर्लक्ष करतं, पण या कागदावर सही म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या सभागृह-अध्यक्षाच्या (स्पीकरच्या) हातून कामकाजपत्रिका काढून घेणं. संघटनांनी तीनशे नावांची यादी बाजूला ठेवली आणि सह-प्रायोजक असूनही सही न केलेल्यांची यादी सदस्यांच्या हातात दिली. फोन त्याच मतदारसंघांतून गेले. सप्टेंबर २०२४मध्ये २१८ पूर्ण झाले. १२ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहात ३२७ विरुद्ध ७५, नियम स्थगित करून, म्हणजे दोन-तृतीयांश मतांनी. सिनेटमध्ये २१ डिसेंबरला ७६ विरुद्ध २०. दोन आठवड्यांनी ती काँग्रेसच संपणार होती. ५ जानेवारी २०२५ला बायडन यांची सही झाली आणि वाढ जानेवारी २०२४पासून मागे जाऊन लागू झाली.

विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता, हेही सांगायला हवं. सोशल सिक्युरिटीचा निधी यामुळे सुमारे सहा महिने आधी आटेल असा अंदाज होता, आणि सूत्र रद्द करण्याऐवजी सुधारा असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ दोन्ही बाजूंना होते.

ड्युटीवर मृत्यू आल्यास मिळणाऱ्या रकमेत लॉबिंगचा हात किती?

जवळपास प्रत्येक पायरीवर. १९७६च्या कायद्यात रक्कम ५०,००० डॉलर होती, १९८८मध्ये १ लाख झाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००१मध्ये अडीच लाख. महागाईशी जोडलेली असल्याने ती दर १ ऑक्टोबरला वाढते आणि आता ४ लाखांच्या वर आहे.

पण रकमेइतकीच भांडणं ‘ड्युटीवर मृत्यू’ कशाला म्हणायचं यावर झाली. गोळी लागून मृत्यू झाला तर प्रश्न नव्हता. पाठलागानंतर घरी जाऊन हृदयविकाराचा झटका आला तर? २००३च्या कायद्याने, जोखमीच्या किंवा दमछाकीच्या कामानंतर २४ तासांत आलेला झटका किंवा पक्षाघात ड्युटीमुळेच आला असं गृहीत धरायचं ठरलं. नेहमीचं टेबलकाम त्यात येत नाही, म्हणून त्या दिवशीच्या कॉल-नोंदी जपून ठेवणं कुटुंबाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. ऑगस्ट २०२२च्या कायद्याने भयंकर घटनेच्या मानसिक आघातातून झालेल्या आत्महत्याही काही अटींवर यात आल्या. हा विषय खात्यांतही दबक्या आवाजात बोलला जायचा. तो समितीपुढे मांडायला विधवा पुढे आल्या, तेव्हा तो हलला.

या संघटना पोलीस सुधारणा रोखतात, हा आरोप खरा आहे का?

काही बाबतींत खरा. काँग्रेसमध्ये काही मंजूर करून घेण्यापेक्षा अडवणं कितीतरी सोपं, कारण सिनेटमध्ये चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात. पोलिसांच्या हातून मारले गेलेले जॉर्ज फ्लॉइड यांच्या नावाचं पोलीस सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहात जून २०२०मध्ये २३६ विरुद्ध १८१ आणि मार्च २०२१मध्ये २२० विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं. सिनेटमधल्या वाटाघाटी सप्टेंबर २०२१मध्ये मोडल्या. मोठा अडथळा होता क्वालिफाइड इम्युनिटी, म्हणजे सुप्रीम कोर्टाने निकालांतून घडवलेलं, अधिकाऱ्याला वैयक्तिक नुकसानभरपाईच्या दाव्यापासून दिलेलं संरक्षण. त्याला हात लावू द्यायला पोलीस संघटना तयार नव्हत्या.

चित्र एकरंगी मात्र नाही. त्या वाटाघाटींत एफओपी आणि आयएसीपी चर्चेच्या टेबलावर होत्या. शिक्षा सौम्य करणाऱ्या २०१८च्या फर्स्ट स्टेप अ‍ॅक्टला एफओपीने मसुद्यात बदल करून घेऊन पाठिंबा दिला. चर्चेत राहणारी संघटना मजकूर बदलू शकते. बाहेरून विरोध करणारीला मंजूर किंवा नामंजूर एवढंच पाहत बसावं लागतं.

लॉबिंगची नोंद कुठे आणि कशी करावी लागते?

१९९५च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्याखाली. ज्या पगारी माणसाने एकाहून जास्त वेळा लॉबिंगसाठी संपर्क केला आहे आणि तिमाहीत २० टक्के किंवा जास्त वेळ त्या कामाला दिला आहे, तो लॉबिस्ट ठरतो. स्वतःची माणसं ठेवणाऱ्या संघटनेला २०२५पासून तिमाहीला १६,००० डॉलरहून जास्त खर्च होत असेल तर नोंदणी सक्तीची, आणि ती ४५ दिवसांत. मग दर तिमाहीनंतर अहवाल: २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर, २० जानेवारी. त्यात विधेयकांचे क्रमांक, कोणत्या सभागृहाशी किंवा खात्याशी बोललात, आणि जवळच्या १०,००० डॉलरपर्यंत पूर्णांक केलेला खर्च. राजकीय देणग्यांचा वेगळा अहवाल वर्षातून दोनदा. सगळे अहवाल लोकांना ऑनलाइन पाहता येतात. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला २ लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

आपल्या खासदाराला स्वतःहून फोन करणारा साधा सदस्य यात बसत नाही. त्याने कसलीच नोंद करायची नसते.

वर्गणीच्या पैशातून उमेदवाराला देणगी देता येते का?

केंद्रीय निवडणुकीत नाही. १९४७पासून बंदी आहे. त्यासाठी वेगळी राजकीय समिती, म्हणजे पॅक, लागते आणि तिच्यातला प्रत्येक डॉलर सदस्याने राजीखुशीने दिलेला असावा लागतो. पॅकचा कार्यालयीन खर्च मात्र वर्गणीतून भागवता येतो. रीतसर पात्र झालेल्या पॅकला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीत ५,००० डॉलर देता येतात. पक्षांतर्गत आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकूण १०,०००. एवढ्याने कोणी खासदार विकत येत नाही. मतदारसंघातले हजार निवृत्त पोलीस आणि त्यांची कुटुंबं यांचं वजन त्याहून जास्त.

विधेयकाच्या भेटीत देणगीचा उल्लेख चुकूनही करू नये, हसण्यावारीही नाही. संसदीय कार्यालयात धनादेश देणं तर सरळ गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं.

साध्या सदस्याने काय पाळावं?

ड्युटीची वेळ, खात्याची गाडी, खात्याचा ईमेल यांतलं काहीही वापरू नये. बहुतेक तक्रारी ईमेलवरूनच होतात. युनिफॉर्मबद्दल आपल्या खात्याचा लेखी नियम पाहावा. उमेदवाराच्या प्रचारमंचावर तो घालणं टाळावंच. केंद्रीय अनुदानाच्या पैशातून प्रवासखर्च दाखवू नये, अनुदान लॉबिंगला वापरायला मनाई आहे.

छापील मजकुराच्या शंभर ईमेलपेक्षा स्वतःच्या शब्दांतलं एक पत्र चालतं. त्यात पत्ता आणि पिनकोड हवाच. मतदारसंघाबाहेरचं पत्र बहुतेक कार्यालयं वाचतच नाहीत. आणि ऑगस्टच्या सुट्टीत खासदार घरी असतो. वॉशिंग्टनच्या विमानभाड्यापेक्षा तेव्हा त्याच्या स्थानिक कार्यालयात मारलेली फेरी स्वस्त आणि बहुधा जास्त फलदायी.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला दिलेला पाठिंबा कामी येतो का?

दारं उघडायला येतो, मतं मोजायला कमी. एफओपीने १९९६मध्ये क्लिंटन यांना पाठिंबा दिला, २०१२मध्ये कोणालाच नाही, आणि २०१६, २०२० व २०२४मध्ये ट्रम्प यांना. सोशल सिक्युरिटीच्या विधेयकावर मात्र बायडन यांची सही झाली. विधेयक दोन्ही पक्षांचं होतं, त्याचा हा फायदा.

कायदा झाला की काम संपतं का?

तिथून दुसरं सुरू होतं. २००४च्या कायद्याने सेवेतल्या आणि पात्र निवृत्त पोलिसांना राज्याबाहेरही लपवून शस्त्र बाळगता येतं. पोलीसप्रमुखांच्या संघटनेचा त्याला विरोध होता. निवृत्तांना त्यासाठी खात्याचं ओळखपत्र आणि दरवर्षी नेमबाजीची चाचणी लागते. पण ओळखपत्र दिलंच पाहिजे, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. काही खाती देत नाहीत, आणि तिथला निवृत्त पोलीस कायदा असूनही अडकतो.

किंवा २००६ची करसवलत पाहा. निवृत्त पोलिसाला आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी पेन्शनमधले वर्षाला ३,००० डॉलर करमुक्त ठेवता येतात. अट होती की हप्ता पेन्शन निधीने थेट विमा कंपनीला भरावा. कित्येक निधींनी ती उठाठेव नको म्हणून नकार दिला, आणि त्यांच्या सदस्यांसाठी सवलत कागदावरच राहिली. ती एक अट काढायला २०२२ साल उजाडलं, आणि तीही निवृत्तिवेतनाच्या एका जाडजूड विधेयकात कलम म्हणून घुसवावी लागली. आता सदस्याने हप्ता स्वतः भरला तरी चालतो, फक्त विवरणपत्रात तसं नमूद करावं लागतं.